भाकड दिवसांतली शेतं

नमस्कार श्रोतेहो.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी ज्यांनी मेटल डिटेक्टर घेऊन शेतं पालथी घालण्याचा छंद धरला आहे, किंवा धरायचं मनात आहे, त्यांच्याशी मला आज बोलायचंय. बोलायचंय ते सोन्याच्या हंड्यांबद्दल कमी आणि भाकड दिवसांबद्दल जास्त. सकाळी थर्मास भरून, चिखलाचे बूट चढवून निघायचं, दिवसभर हेडफोन कानाला लावून वाकून चालायचं, आणि संध्याकाळी पिशवीत काय? काडतुसांची पितळी बुडं, नांगराखाली येऊन चिंधड्या झालेले कोल्ड्रिंकच्या डब्यांचे पत्रे, कुंपणाची तार. घरी आल्यावर ठरलेला प्रश्न, ‘लागलं का काही?’ असे रविवार एकामागून एक जायला लागले की डिटेक्टर जिन्याखाली जातो आणि तिथेच राहतो. हा छंद सुटतो तो बहुतेक अशाच वेळी.

या वेळी सगळे एकच सल्ला देतात, धीर धरा. मला हा सल्ला अर्धवट वाटतो. धीर कशाच्या जोरावर धरायचा, हे कुणी सांगत नाही.

जर्सी बेटावरची हकीकत घ्या. रेग मीड आणि रिचर्ड माइल्स या दोघांना एका बाईंनी सांगितलं होतं, की त्यांच्या वडिलांना शेतात पूर्वी चांदीची नाणी सापडली होती. त्या एका गोष्टीवर या दोघांनी तीस वर्षं शोध चालू ठेवला. शेतात पीक उभं असलं की जायची सोय नाही, त्यामुळे कापणीनंतर मिळतील तेवढे वर्षातले थोडेच तास हाताशी. २०१२ च्या फेब्रुवारीत त्यांना साठेक चांदीची नाणी आणि एक सोन्याचं नाणं मिळालं. मग त्याच जूनमध्ये, जवळजवळ मीटरभर खोल, नाण्यांची एक आख्खी रास लागली. हिरवट गंज चढून सगळी नाणी एकमेकांना चिकटलेली, वजन पाऊण टनाच्या घरात, नाणी सुमारे सत्तर हजार. ज्युलियस सीझर गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, लढत होता त्या काळातली, तिथल्याच ब्रिटनी भागातल्या कोरिओसोलिटी नावाच्या केल्टिक टोळीची. ती एकेक करून सुटी करायला जर्सीच्या संग्रहालयातल्या लोकांना २०१७ साल उजाडलं.

ही हकीकत सांगून झाली की लोक म्हणतात, बघा, तीस वर्षं! मला मात्र त्या बाईंचं सांगणं जास्त मोलाचं वाटतं. मीड आणि माइल्स वाट्टेल त्या शेतात तीस वर्षं हिंडत नव्हते. त्यांच्याकडे कारण होतं. तिथे काहीतरी आहे असं मानायला आधार होता, म्हणून रिकाम्या हाताने परतलेलं प्रत्येक वर्ष त्यांना फुकट गेल्यासारखं वाटलं नसणार. ज्या शेताबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही, त्या शेतात तीन वेळा काही न लागलं तर चौथ्यांदा पाय उचलत नाहीत, आणि त्यात मनाच्या दुबळेपणाचा काही संबंध नाही.

म्हणून माझं सांगणं असं, की भाकड काळ आला की डिटेक्टर बाजूला ठेवा आणि नकाशे काढा. इंग्लंडमध्ये या बाबतीत आपण फार नशीबवान आहोत. १८३६ च्या कायद्यानंतर धर्मकराच्या आकारणीसाठी गावोगावचे टाइद नकाशे तयार झाले. शेत कुणाचं, कसतो कोण, शेताला नाव काय, सगळं त्यात आहे. जिल्ह्याच्या अभिलेखागारात जाऊन ते पाहता येतात. त्यांवर आज बुजून गेलेल्या पायवाटा दिसतात, पाडलेली घरं दिसतात, ओढ्यावरचा उतार दिसतो. माणसं जिथून चालली, जिथे थांबली, जिथे पैसे मोजले, तिथे त्यांच्या वस्तू पडल्या. विमानातून लेझरने केलेल्या लायडार पाहणीचे नकाशेही सरकारने सगळ्यांना खुले केले आहेत. उभ्या माणसाला जे उंचवटे कळत नाहीत, ते त्यांत सावलीसारखे उमटतात. आणि शेतात गेल्यावर नुसता कानांवर भर देऊ नका, डोळेही वापरा. नांगरलेल्या मातीत, समुद्रापासून मैलोगणती आत, कालवांचे पांढरे शिंपले विखुरलेले दिसले, तर तिथे कोणीतरी बसून जेवलंय हे नक्की. रोमन काळातले लोक कालवं चवीने खात, मध्ययुगातलेही खात. शिंपल्यांच्या जोडीला खापऱ्या आणि कौलांचे तुकडे दिसले तर त्या पट्ट्यात मुक्काम ठोका.

आता यंत्राबद्दल थोडं. दांड्याच्या टोकाला तारेचं वेटोळं असलेली चकती असते, ती कॉइल. कॉइलमधून चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत बारीक विद्युतप्रवाह उठतात, आणि त्यांचा प्रतिसाद यंत्र टिपतं. एकट्या लहान नाण्याचा आवाज जेमतेम वीतभर खोलीपर्यंतच मिळतो. ओलसर माती पुष्कळदा मदत करते, तर उन्हाळ्यात टणक वाळलेल्या शेतात तोच आवाज विरून जातो. तेव्हा कोरड्या ऑगस्टमध्ये काही लागलं नाही म्हणून त्या शेतावर काट मारू नका. नोव्हेंबरात, चांगला पाऊस होऊन गेल्यावर पुन्हा जा. नांगरट झाली की वीतभर खालची माती वर येते, म्हणजे तुमच्यापुढे जवळजवळ नवं शेत असतं. नाणं कडेवर उभं असेल तर एका दिशेने नीट वाजत नाही, म्हणून तोच पट्टा काटकोनात फिरून पुन्हा तपासायचा. आणि सावकाश. बहुतेक जण अंगण झाडल्यासारखी कॉइल फिरवतात आणि दोन फेऱ्यांमधली जागा तशीच सुटते.

यंत्रातली गाळणीही जपून वापरा. चांदीचा कागद आणि डब्यांच्या टोप्या नकोत म्हणून त्यांचे आवाज बंद केले, की पातळ सोन्याच्या वस्तूंचे आवाजही त्यांच्याबरोबर जातात, कारण यंत्राला ते जवळपास सारखेच भासतात. काही दिवस तरी गाळणी पूर्ण काढून सगळं खणा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण कोणता आवाज कशाचा, हे कानाला त्यातूनच कळतं.

मला अशाच एका नापीक हंगामात एक आवाज आला होता. बारीक, उंच, एकाच बाजूने येणारा. ढेकूळ फोडलं तर मातीत करंगळीच्या नखाएवढा तुकडा. दोन कडा सरळ, काटकोनात मिळालेल्या, तिसरी गोल. थुंकी लावून पुसायचा मोह आवरला आणि पाण्याचे दोन थेंब सोडले. एका बाजूला राजाच्या कुरळ्या केसांची एक बट, दुसऱ्या बाजूला तीन ठिपके. तिसऱ्या हेन्रीच्या काळातल्या चांदीच्या पेनीचा तो चौथा हिस्सा होता. १२४७ पासून त्या नाण्याच्या मागचा क्रूस काठापर्यंत लांबवला गेला होता. काठ कातरून चांदी चोरणाऱ्यांना आळा बसावा म्हणून तो तसा केला, पण त्याच रेघांवरून लोक नाणं कापून सुटे पैसे करत. अर्धं हवं तर अर्धं, पाव हवं तर पाव. एडवर्ड पहिला याने १२७९ मध्ये गोल फार्दिंग, म्हणजे पाव पेनीचं नाणं, काढेपर्यंत बाजारहाटाची ही रीत चालू होती. या तुकड्याची किंमत विचाराल तर फार नाही. पण साडेसातशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी मुठीतून तो निसटला आणि त्या माणसाने तो खाली वाकून शोधला असणार. मी त्याच जागी वाकले होते. मला त्या दिवशी आणखी काही नको होतं.

आता आमच्या सफोकमधली गोष्ट, आणि माझ्या मते या छंदातली सगळ्यात मोठी गोष्ट. रेंडलशॅम नावाचं गाव आहे, सटन हू या प्रसिद्ध नौकासमाधीपासून काही मैलांवर. आठव्या शतकातला इतिहासकार बीड याने तिथे राजाचं ठाणं असल्याचं लिहून ठेवलं होतं, पण ते नेमकं कुठे, हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिथल्या शेतांत रात्री चोरून डिटेक्टर चालवणारे घुसू लागले, तेव्हा जमीनमालकांनी पुरातत्त्व खात्याला साद घातली. मग अवघ्या चार डिटेक्टरवाल्यांनी पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली सुमारे दीडशे हेक्टर जमीन वर्षानुवर्षं शिस्तीने तपासली. जे मिळेल त्याची जागा उपग्रहाच्या साहाय्याने नोंदवली. तुटकी बक्कल, शिशाचे गोळे, धातू ओतताना सांडलेले थेंब, कापलेली नाणी, सगळं. ते सगळं नकाशावर मांडल्यावर सुमारे पन्नास हेक्टरांच्या वस्तीची आकृती उभी राहिली. २०२२ मध्ये तिथेच २३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद अशा राजवाड्याच्या दालनाचा पाया उघडा झाला.

यातलं मला अतिशय महत्त्वाचं वाटतं ते असं. वस्ती कुठे संपते हे कशावरून कळलं? जिथे काहीच लागलं नाही त्या शेतांवरून. त्या चौघांनी रिकाम्या पट्ट्यांतही तेवढ्याच काळजीने पाय झिजवले, आणि तिथे काही नव्हतं हे नोंदवलं, म्हणून नकाशाला कड आली. तुम्हीही एक वही ठेवा. तारीख, शेत, पीक कोणतं होतं, माती ओली की कोरडी, कोणत्या कोपऱ्यातून कोणत्या कोपऱ्याकडे चाललात, काय लागलं. काही लागलं नसेल तर तेही लिहा. पुढच्या हंगामात ती वही उघडली की कुठे जायचं आणि कुठे वेळ घालवायचा नाही हे तीच सांगते. लागलेल्या वस्तू पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या तुमच्या भागातल्या अधिकाऱ्याला दाखवा. १९९७ पासून चाललेल्या या योजनेत पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे आणि ती घरबसल्या कुणालाही पाहता येते. गावाचं नाव घालून शोधा. शेजारच्या शिवारात काय लागलंय ते कळलं, की तुम्हालाही जर्सीच्या त्या दोघांसारखं कारण मिळेल.

भाकड काळात एक मोह होतो, त्याबद्दल मला स्पष्ट बोललंच पाहिजे. परवानगी नसलेल्या शेतात जाण्याचा, आणि काही लागलं तर गप्प बसण्याचा. २०१५ मध्ये हेरफर्डशरमध्ये लेम्स्टरजवळ दोघांनी वायकिंग काळातला ठेवा काढला आणि लपवून विकायला सुरुवात केली. २०१९ मध्ये दोघांना तुरुंगात जावं लागलं. पण नाणी बरीचशी गेली ती गेलीच, आणि नवव्या शतकातल्या इंग्लिश राजा आल्फ्रेडच्या काळाबद्दल ती जे सांगू शकली असती तेही गेलं. याउलट एरिक लॉज पाहा. १६ नोव्हेंबर १९९२ ला ते हॉक्सन गावात शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला गेले होते. चांदीचे चमचे आणि नाणी दिसायला लागल्यावर त्यांनी खणणं थांबवलं आणि कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी तो रोमन ठेवा जागच्या जागी उकलला, म्हणून कोणती वस्तू कशाशेजारी, कशी रचून ठेवली होती तेही समजलं. तो हातोडाही सापडला, आणि ठेव्याबरोबर आज तो ब्रिटिश म्युझियमकडे आहे. इथला कायदाही हेच मागतो. ठेव्यात मोडेल अशी वस्तू लागली, की चौदा दिवसांच्या आत कोरोनर या स्थानिक चौकशी अधिकाऱ्याला कळवायचं.

महाराष्ट्रातून ऐकणाऱ्यांनाही एक कळकळीची विनंती. इथलं ऐकून तिथे गडावर डिटेक्टर नेऊ नका. संरक्षित स्मारकावर असं खणणं गुन्हा आहे, आणि एक शिवराई जागेवरून हलली की ती तिथे का पडली होती हे कायमचं पुसलं जातं. शेत नांगरताना मडकं लागलंच, तर १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. मडकं आहे तसं राहू द्या, आतली माती उकरू नका, फोटो काढा आणि तहसील कार्यालय गाठा.

इथल्या मंडळींसाठी शेवटचं. एप्रिल ते जुलै पिकं उभी असतात, तेव्हा शेत मिळत नाही. हे महिने रिकामे समजू नका. परवानग्या मिळवायचा हाच काळ. शेतकऱ्याला कापणीच्या ऐन धांदलीत फोन करू नका, जूनमध्येच जाऊन भेटा. सोबत विम्याचा कागद न्या, जुन्या नकाशाची प्रत न्या आणि त्याला त्याच्याच शेताचं १८४० चं नाव दाखवा. बऱ्याच शेतकऱ्यांना ते ठाऊक नसतं, आणि मग ते स्वतःहून सांगायला लागतात, आमच्या आजोबांना त्या ओढ्याकाठी काहीतरी मिळालं होतं म्हणून. ते नीट ऐकून घ्या, घरी आल्या आल्या वहीत लिहा, आणि पहिली नांगरट कधी आहे ते विचारायला विसरू नका.

नमस्कार.