तापल्यावर लोडर चढावर अडतोय? रिलीफच्या स्क्रूला हात लावू नका, आधी गेज लावा

नमस्कार मंडळी. मागं उभा आहे तो छोटा लोडर खानापूरकडच्या एका शेतकऱ्यानं घरीच बनवलाय. 10 एचपीचं डिझेल इंजिन, ऑईल ढकलणारा 20 सीसीचा गिअर पंप, चाकांना त्या ऑईलच्या दाबावर फिरणारी ऑर्बिट मोटर. तक्रार काय, तर सकाळी शेणखत भरून चढ झकास चढतो आणि अर्ध्या तासानं त्याच चढावर जागच्या जागी. इंजिन मात्र निवांत फिरतंय. दबत नाही, काळा धूर नाही.

हे निवांत फिरणंच बघा. इंजिनावर लोडच येत नाही, म्हणजे ऑईल आतल्या आत कुठंतरी निसटतंय. तापलं की ऑईल पातळ होतं, बारीक फटीतूनही पळतं.

अशा वेळी बहुतेकजण पान्हा घेऊन रिलीफ वॉल्व्ह (दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडं गेला की ऑईल टाकीत परत सोडणारा) आवळतात. नको ओ! पंप फक्त ऑईल ढकलतो, दाब येतो समोरच्या अडवणुकीमुळं. गळती पंपातच असेल तर स्क्रू आवळून काय होणार? आणि उद्या नवा पंप बसवलात की तोच आवळलेला स्क्रू होस (ऑईलचा रबरी पाईप) फोडेल.

[गेज दाखवत] 250 बारपर्यंत दाब मोजणारा हा गेज पंपाच्या लाईनवर लावला. मशीन तापवली, इंजिन बंद केलं, लेव्हर हलवून दाब सोडला. मग लेव्हरच्या वॉल्व्हमधून मोटरकडं जाणाऱ्या दोन्ही लाईन काढून तिथं स्टीलचे प्लग मारले. प्लग नेहमी रिलीफच्या पुढं. पंप आणि रिलीफच्या मधे मारलात तर काहीतरी फुटणारच.

आता इंजिन चालू, लेव्हर चार-पाच सेकंदच. जास्त नाही, कारण मिनिटाला 30 लिटर ऑईल 120 बारला रिलीफमधून गेलं तर जवळजवळ 6 किलोवॅटची नुसती उष्णता होते. 30 लिटरची टाकी मिनिटाला सातेक अंशांनी तापते.

गेज 120 ला, म्हणजे रिलीफच्या सेटिंगला गेला असता तर पंप ठीक, मोटरवर संशय. इथं 70 च्या वर जाईना. रिलीफ खोलून धुतला, सीट (तो घट्ट बसतो ती जागा) चांगली होती. राहिला पंप. आमचा हेल्पर पंपाला हात लावून कन्नडमधे म्हणाला, ‘भाळ बिसी आगेती,’ म्हणजे लई तापलाय. (हात फक्त बाहेरून, मशीन बंद असताना. चालू लाईनची गळती पुठ्ठ्यानं शोधायची. बारीक धार कातडीतून आत घुसते, आणि मग थेट ऑपरेशनच.)

[पंपाच्या प्लेट कॅमेऱ्याजवळ] हे ओरखडे बघा. टाकी घरी वेल्डिंग केलेली, आतले कण तसेच. सक्शनची (पंप ऑईल ओढतो त्या बाजूची) जाळी जाड कचरा अडवते, बारीक नाही, आणि टाकीत परत येणाऱ्या ऑईलवरचा रिटर्न फिल्टर लावलेलाच नव्हता.

तेव्हा नुसता पंप बदलून भागणार नाही. टाकी उघडून घासली, सगळ्या लाईन धुतल्या, रिटर्नला 10 मायक्रॉनचा फिल्टर टाकला, मगच नवा पंप. जुनं ऑईल धोतराच्या कापडातून गाळून परत ओतू नका. त्याचे धागे वॉल्व्हमधे अडकतात.