उपकेंद्रातली सिस्टर आणि बीपीचा पट्टा

श्रोतेहो, नमस्कार. मुलीला नर्सिंगला घालताना घरचे विचारतात, नोकरी लागेल ना? नोकरी लागल्यावर पुढे काय, हे फारसं कुणी विचारत नाही. तर पुढे बरंच काही आहे. एएनएमचा, म्हणजे सहाय्यक परिचारिका-प्रसविकेचा अभ्यासक्रम 2 वर्षांचा, जीएनएमचा, म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरीचा 3 आणि बीएस्सी नर्सिंगचा 4 वर्षांचा. जीएनएम झालेल्या सिस्टरला 2 वर्षांत पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, म्हणून कार्यशाळांची प्रमाणपत्रं पहिल्यापासून एकाच फायलीत ठेवा.

आणखी एक वाट गावाकडे जाते. 6 महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा अभ्यासक्रम केला की बीएस्सी सिस्टरला उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, होता येतं. उपकेंद्र साधारण 5000 लोकांमागे असतं, डोंगराळ किंवा आदिवासी भागात 3000 मागे. वॉर्डात डॉक्टरांची ऑर्डर कागदावर असते. इथे शेजारच्या खोलीत डॉक्टर नसतात. त्यामुळे सिस्टरने घेतलेल्या मोजमापावरच पुढचं सगळं ठरतं.

बीपीचंच बघा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तपासणी करायची असते. बाई शेतावरून घाईघाईने येते, रांगेत मिश्री लावते आणि लगेच हात पुढे करते. तो आकडा खरा नव्हे. चहा, तंबाखू, मिश्री यानंतर अर्धा तास जाऊ द्या. मग पाच मिनिटं पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून बसवा. लघवी लागली असेल तर आधी जाऊन यायला सांगा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर बांधा. बाही वर सरकवून तिचा फास बसला, तर पट्टा बरोबर असूनही आकडा चुकतो. हात टेबलावर, छातीच्या पातळीत हवा. तो लोंबत राहिला की बीपी जास्त येतं. जाड दंडाला लहान पट्टा लावला तरी तेच होतं. पट्ट्यातली हवेची पिशवी दंडाच्या घेराचा निदान 80 टक्के भाग व्यापणारी हवी.

आणि मोजताना गप्प बसा, दोघींनीही! पट्टा फुगत असताना "मुलं किती?" विचारायची सवय फार जुनी आहे.

मिनिटभराने पुन्हा मोजा. आकडा 140/90 किंवा वर आला तरी एकाच दिवसावरून बीपीचा शिक्का मारू नका, दुसऱ्या दिवशी बोलवा. 180/110 किंवा वर असेल आणि परत मोजूनही तेवढाच राहिला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे. औषध वैद्यकीय अधिकारी ठरवतात. प्रत्यक्ष किंवा ई-संजीवनीवरून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन डॉक्टर-सल्ल्याच्या सेवेवरून. नंतर महिन्याच्या गोळ्या उपकेंद्रातून देता येतात.

खरी गळती इथून सुरू होते. बरं वाटलं की माणूस गोळी बंद करतो. बीपी कमी आलंय ते गोळीमुळेच, हे दर महिन्याला नव्याने सांगावं लागतं. कंटाळू नका. मराठवाड्यातल्या सिस्टरनी ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची यादी दिवाळीआधीच काढावी. डॉक्टरांना विचारून जास्त दिवसांच्या गोळ्या द्याव्यात आणि बरोबर कार्ड द्यावं. त्यावर गोळीचं नाव, डोस, शेवटचं बीपी आणि उपकेंद्राचा फोन ठळक अक्षरांत असावा. कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात ते दाखवलं की तिथल्या सिस्टरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.