एकोणचाळीस अंकी लाडकी

मंडळी, फळ्यावरची संख्या आधी नीट बघून घ्या. 170141183460469231731687303715884105727. म्हणजे 2 चा 127 वा घात वजा 1. मूळ संख्या आहे. हिच्या गुणधर्मांवर बोलायचं मी कबूल केलंय आणि बोलणारही आहे, पण आधी एक तक्रार ऐकावी लागेल.

ऑक्टोबर 2024 मध्ये 2 चा 136279841 वा घात वजा 1 ही संख्या मूळ असल्याचं कळलं. 4 कोटी 10 लाख 24 हजार 320 अंक! एका वर्तमानपत्रात मथळा आला, ‘सर्वात मोठी मूळ संख्या सापडली’. अहो, ‘ज्ञात’ हा शब्द कुठे गेला? मूळ संख्या संपत नाहीत, हे युक्लिडने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सिद्ध करून ठेवलंय. मी संपादकांना पत्र पाठवलं, ‘सर्वात मोठी ज्ञात मूळ संख्या असं हवं’. त्यांनी ते छापलं. जागेअभावी थोडं कापून. कोणता शब्द कापला, ते तुम्हीच ओळखा. (हशा)

हे मी मागे एका सभेत सांगितलं, तर एक गृहस्थ उठले. म्हणाले, “मग अडलंय कुठे? सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करा, 1 मिळवा, नवी तयार!” त्यांना म्हटलं, करून बघू. 2, 3, 5, 7, 11, 13 यांचा गुणाकार 30030. अधिक 1. आता 30031 म्हणजे 59 गुणिले 509. युक्लिड एवढंच म्हणतो की या उत्तराचे मूळ अवयव तुमच्या यादीबाहेरचे असणार. उत्तर स्वतः मूळ असेल असं तो कुठेच म्हणत नाही. गृहस्थ खाली बसले, पण पटलेलं दिसलं नाही.

पाचच मिनिटं? बरं, मग भराभर.

मर्सेन नावाच्या धर्मगुरूने 1644 मध्ये यादी दिली: 2 चा कुठला घात घेऊन 1 वजा केला की मूळ संख्या मिळते. तीत 67 आणि 127 दोन्ही होते. 1876 मध्ये ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने 127 बरोबर ठरवला, 67 चुकीचा. आणि 2 चा 67 वा घात वजा 1 या संख्येचा एकही अवयव त्याला सापडलेला नव्हता! भाजक हाती नसताना संख्या फुटते हे कळणं, मला या सगळ्यात हेच सर्वात आवडतं.

कसं कळतं? लेमर या अमेरिकन गणितज्ञाने पुढे सोपी केलेली ल्युकाची रीत घ्या. 31 तपासायचेत, म्हणजे घात 5. सुरुवात 4. वर्ग करा, 2 वजा करा: 14. पुन्हा: 194, 31 ने भागून बाकी 8. पुन्हा: 62, बाकी शून्य. घातापेक्षा दोनने कमी पायऱ्या, शेवटी शून्य आलं तर मूळ, नाही तर नाही. आपल्या लाडकीला 125 पायऱ्या लागतात. 1951 पर्यंत तिच्याहून मोठी कुणाला माहीत नव्हती.

शेवटचं. 2 चा घात वजा 1 करत चला: 2 वरून 3, 3 वरून 7, 7 वरून 127, 127 वरून ही. सगळ्या मूळ. पुढची मूळ आहे का, कुणालाच माहीत नाही. तिच्या अंकांची नुसती मोजदादच 38 अंकी भरते. ती काही फळ्यावर लिहीत नाही.