आगोटीआधी गावचं घर

नमस्कार, श्रोतेहो.

एप्रिल संपत आला की मुंबईतल्या मराठी घरांमध्ये एक विषय हमखास निघतो. लालबागच्या चाळीत गॅलरीत उभं राहून, भांडुपला संध्याकाळी जिन्यावर, विरार लोकलमध्ये रोजच्या मंडळींत, तोच प्रश्न कानावर येतो: "यंदा घर परतायचं का?" घर परतायचं म्हणजे छपरावरची सगळी कौलं उतरवायची, शेवाळ घासून काढायचं, फुटकी बाजूला करायची, खालच्या रीपा आणि वासे तपासायचे आणि कौलं पुन्हा चढवायची. काम चार-पाच दिवसांचं, पण त्याची बोलणी मुंबईत महिनाभर आधी सुरू होतात. कोणाचा सुतार मोकळा आहे, चढणारी माणसं कुठून आणायची, कोकण रेल्वेचं तिकीट कोणाला मिळालंय, भावांपैकी कोण रजा काढणार, हे सगळं इथेच ठरतं.

हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला पोचतो, आणि तळकोकणात त्याच्याही काही दिवस आधी. म्हणजे हाताशी राहतो तो मे महिना. आगोटीची, म्हणजे पावसाच्या तोंडावरची, सगळी कामं त्यातच उरकायची: जळणाची फाटी आत घ्यायची, पडवीला झापं बांधायची, मसाला कुटायचा, आणि छप्पर.

आज मला बोलायचंय ते कुलूप लावलेल्या घराबद्दल. कारण मुंबईकराचं गावचं घर वर्षातले बहुतेक महिने बंद असतं, आणि माझं ठाम मत आहे की आपली घरं जेवढी पावसाने जात नाहीत तेवढी बंद राहिल्याने जातात.

हे कसं होतं, ते नीट सांगते. राहत्या घरात चूल पेटते. तिचा धूर वर माळ्यापर्यंत जातो, वाशांवर काजळी धरते, लाकूड कोरडं राहतं, किडीला तिथे थारा मिळत नाही. जमीन सारवली जाते, म्हणजे कोणीतरी आठ-पंधरा दिवसांनी वाकून प्रत्येक कोपरा बघतं, भिंतीच्या बुडाशी वाळवीची मातीची रेघ दिसली तर तिथल्या तिथे खरवडून टाकतं. आणि रात्री पाऊस लागला की अंथरुणावर पडल्या पडल्या माणूस छपराचा आवाज ऐकत असतो. थेंब पडला की उठतो, काठीने आतूनच कौल सरकवतो, गळणं थांबतं.

घर बंद असलं की यातलं काहीच होत नाही. माकडं उडी मारून जातात, एक कौल बोटभर सरकतं. त्या फटीतून पाणी एकाच वाशावर, एकाच जागी पडत राहतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने त्याच ठिकाणी पाणी, आत हवा कोंडलेली, उजेड नाही. वाशाचं भिंतीत गेलेलं टोक सगळ्यात आधी कुजतं, कारण ते वाळायला जागाच नसते. ओल धरली की भिंतीतून वाळवी चढते. गणपतीला दार उघडल्यावर कोंदट वास येतो, आपण खिडक्या उघडतो, मखर बांधतो, पाच दिवस राहतो आणि परत कुलूप. असे काही पावसाळे गेले की एके वर्षी आढ्यालाच बाक आलेला दिसतो. मग सुतार वर बघतो आणि म्हणतो, आता सगळंच उतरवावं लागेल.

एका कौलाचं काम होतं ते. म्हणून मी ज्याला त्याला सांगते की घराच्या दुरुस्तीची सुरुवात सुतारापासून करू नका, शेजाऱ्यापासून करा. किल्ली शेजारी असली पाहिजे, आणि ती नुसती खुंटीला टांगलेली नको. आठवड्यातून एकदा दार उघडून, खिडक्या उघडून, जरा वेळ हवा खेळू द्यायची. पावसाळ्यात मोठी सर येऊन गेल्यावर आत एक चक्कर मारायची. शक्य असेल तर मागच्या चुलीत दोन फाटी पेटवायची. एवढं केलं तरी लाकडाचं आयुष्य वाढतं.

कणकवलीकडच्या आमच्या वाडीत आमची किल्ली शेजारच्या काकींकडे असते. पावसाळ्यात त्यांचा फोन येतो, तो कधीही इकडच्या तिकडच्या गोष्टींनी सुरू होत नाही. "अगो, तुमच्या मागल्या पडवेत गळता. माकडांनी नळे सरकवल्यानी. मी खाली टोप ठेवलंय, पण पाऊस वाढाच्या आदी कोणाक तरी वर चढवूक होया." मग पुढे अर्धा तास बाकीचं. कोणाची गाय व्याली, गडग्याचे दगड कुठे ढासळले, विहिरीला पाणी किती आलं, पाणंदीत चिखल किती झालाय. मुंबईत बसून त्या घराची काळजी करायची तर मला हा अर्धा तास सगळ्यात मोलाचा वाटतो. पुढच्या मे महिन्यात काय करायचं, याची यादी त्यातूनच होते. गडगा ढासळलाय म्हणजे त्या बाजूने गुरं आत येणार आणि पोफळींची रोपं खाणार, हे आपल्याला इथे बसून सुचलं नसतं.

आणि हे नातं एकतर्फी नसतं. वाडीतलं कोणी आजारी पडलं, केईएमला किंवा टाटाला दाखवायचं ठरलं, की ती माणसं उतरतात आपल्याकडेच. मुलाची भरती असते, कोणाचा इंटरव्ह्यू असतो, तो आठवडाभर आपल्या एका खोलीत राहतो. गिरण्यांच्या काळात लालबाग-परळला गावागावाच्या खोल्या असायच्या, एकेका खोलीत वाडीतली कितीतरी माणसं पाळीपाळीने झोपायची. १९८२ च्या संपानंतर ते जग विस्कटलं. पण गावच्या माणसाला मुंबईत टेकायला जागा द्यायची ही रीत टिकून आहे. तिकडे ते आपलं घर सांभाळतात, इकडे आपण त्यांना घर देतो. या व्यवहाराची वही कोणी ठेवत नाही, तरी दोन्ही बाजूंना तो पक्का ठाऊक असतो. म्हणून किल्ली सांभाळणाऱ्याला महिन्याचे पैसे देऊन मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. छप्पर चढण्याच्या मजुरीचे पैसे रोखठोक द्यावेत, त्यात भीड नको. काकींच्या चकरांचे मात्र पैसे देता येत नाहीत. त्यांच्या नातवाला इथे आपलं घर उघडं असलं पाहिजे.

आता छपराकडे वळू. कौलं काढून पत्रा टाकावा का, हा प्रश्न सध्या प्रत्येक वाडीत आहे. आपण ज्याला मंगळुरी कौल म्हणतो ते काही फार पुरातन नाही. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, तिथून ती किनाऱ्याने वर आली. त्याआधी आपल्याकडे कुंभाराची नळीची कौलं होती, आणि गरिबाचं घर केंबळी असायचं, गवताने शाकारलेलं. म्हणजे छप्पर काळाप्रमाणे बदलत आलेलंच आहे, आणि पत्रा टाकणाऱ्याला नावं ठेवायचं मला काही कारण दिसत नाही. माकडांनी माणसाला खरोखर वैताग आणलाय, आणि कौलं परतणारी माणसं वाडीत उरलेली नाहीत, तरुण सगळे इथे आहेत.

तरीही माझं मत कौलाच्या बाजूने आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरुडच्या बाजूला धडकलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याने गेलं. दोन्ही वेळा कौलंही उडाली आणि पत्रेही उडाले. फरक नंतर कळला. कौलाच्या घरात जेवढी गेली तेवढी दुसरी आणून लावता आली. पत्रा वाऱ्याने उचलला की तो अख्खा जातो, कधी खालच्या पाइपांसकट, आणि दुसऱ्याच्या अंगणात जाऊन पडतो. शिवाय मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखाली बसवत नाही, आणि पावसात बोलणं ऐकू येत नाही.

मधला मार्ग हल्ली बरेच जण काढतात आणि तो मला चांगला वाटतो: लाकडी वासे गेले असतील तर लोखंडी पाइपांचा सांगाडा करायचा आणि वर तीच जुनी कौलं चढवायची. वाळवीचा प्रश्न छपरापुरता सुटतो, घरही गार राहतं. मात्र नवीन कौलं विकत घेताना जुन्याचं एक सोबत घेऊन जा. प्रत्येक कारखान्याच्या साच्याची खाच वेगळी असते, दुसऱ्या साच्याचं कौल नीट बसत नाही आणि त्याच फटीतून पाणी येतं. बोटाने टिचकी मारून बघा. चांगलं भाजलेलं कौल खणखणतं, चिरलेलं बद्द वाजतं. एका चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात, त्यावरून अंदाज काढा आणि फुटतुटीसाठी थोडी जास्त घेऊन पडवीच्या कडेला रचून ठेवा.

भिंतींबद्दल एकच सांगते. जांभ्याची किंवा मातीची जुनी भिंत असेल तर तिला सिमेंटचा गिलावा करायची घाई करू नका. जांभ्याचा चिरा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, हवेत राहून कडक होतो. तो ओल पितो आणि बाहेर सोडतोही. वरून सिमेंट फासलं की ओल आत अडकते आणि दोन-तीन वर्षांत गिलाव्याचे पोपडे सुटतात. चुन्याचा गिलावा, चुन्याचाच रंग, हे भिंतीला मानवतं. लाकूड ठेवलं असेल तर काजूबियांच्या टरफलांचं तेल लावायची जुनी रीत आजही कामाची आहे. वास उग्र असतो आणि अंगाला लागलं तर कातडी भाजते, म्हणून हातमोजे घालून लावा आणि मुलांना लांब ठेवा.

सामान मुंबईतून न्यायचं असेल तर वायर, बटणं, बोर्ड लोहार चाळीत, आणि पंप, पान्हे, बिजागऱ्या नागदेवी स्ट्रीटला. जुन्या इमारती पाडतात तिथलं बर्मा सागवान विकत मिळतं, आणि दाराच्या चौकटीला त्याच्या तोडीचं लाकूड आता नव्यात सापडणं कठीण आहे. ज्या चाळीत आजोबा राहिले, तशाच एखाद्या चाळीची तुळई गावच्या दाराला लागते, हे मला फार आवडतं.

आता जरा अवघड विषय. घर सामाईक असतं. आजोबांच्या नावावर घरपट्टी, खाली चार भाऊ, त्यांची मुलं, कोणी ठाण्याला, कोणी पुण्याला. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतो. मी खर्च केला तर उद्या हक्क सांगतोय असं वाटेल, नाही केला तर घर पडेल. मी बघितलंय की कितीतरी घरं या अबोल्यात गेली. यावर उपाय म्हणून वाटणी आधी व्हायलाच हवी असं नाही. छप्पर आणि वाटणी हे दोन विषय वेगळे ठेवा. छपराचा खर्च सारखा वाटून, कोणी किती दिले ते एका कागदावर लिहून, सगळ्यांनी सह्या करा. ज्याला पैसे जमत नाहीत त्याने मे महिन्यात तिथे उभं राहून काम करून घ्यावं, तेही लिहा. कागदपत्रांचं म्हणाल तर सातबारा आता सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतो, आणि ग्रामपंचायतीकडून घराचा असेसमेंटचा, म्हणजे घरपट्टीचा, उतारा काढून ठेवा. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देतात, पण ती गावठाणातल्या घरांसाठी. कोकणातली बरीच घरं आपापल्या भाटात, म्हणजे बागायतीत, गावठाणाबाहेर आहेत, तेव्हा आपलं घर कुठे मोडतं ते आधी विचारून घ्या.

हे ऐकणाऱ्यांमध्ये काही जण असेही असतील ज्यांचं गाव मुंबईतच आहे. गोराई, मनोरी, मढ, गिरगावातली खोताची वाडी, माझगावची माथारपाखाडी. तुमचीही घरं कौलारू, लाकडी जिन्यांची, आणि दुखणी तीच. तुमच्याकडे एक गोष्ट चांगली आहे, की तुम्ही त्या घरात राहता. परतायची वेळ आली की आसपासची दोन-तीन घरं एकत्र काढा. परांची एकदाच बांधावी लागते, माणसंही यायला तयार होतात. वाडीतसुद्धा मी हेच सुचवते. एकट्याच्या घरासाठी लांबून माणूस येत नाही, चार घरांचं काम असलं की येतो.

तेव्हा या रविवारी गावाला फोन लावा. किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना आधी त्यांच्या घराचं विचारा, त्यांची कौलं झाली का, विहीर उपसली का. मग आपलं विचारा: मागच्या पावसात कुठे गळलं, भिंतीवर कुठे ओल दिसली, कोणता वासा दाबला की भुगा पडतो. ते लिहून घ्या आणि भावांच्या ग्रुपवर टाका. माणसं मिळायची तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात मिळतील, नंतर त्यांची स्वतःची भाजावळ आणि पेरणीची तयारी सुरू होते.

नमस्कार.