शेवटच्या आंघोळीआधीच गिझर बंद करा, बोअरचं पाणी असेल तर हे नक्की बघा

नमस्कार मंडळी, परभणीहून बोलतोय. थंडी पडली की एक प्रश्न मला हमखास येतो, दादा गिझर दिवसभर चालू ठेवलेला बरा का लागंल तेव्हाच लावायचा, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की सारखं बंद-चालू केल्यानं जास्त लाईट जळते.

उत्तर आधीच देतो. लागेल तेव्हाच लावायचा. टाकीतलं गरम पाणी नुसतं उभं असलं तरी गार होतच राहतं, आतला पफ, म्हणजे उष्णता धरून ठेवणारा फोमचा थर, कितीही चांगला असू द्या, आणि पाणी जितकं जास्त गरम तितकी उष्णता जास्त बाहेर जाते. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी किती गरम आहे बघून गिझर चालू-बंद करणारा भाग, मग दिवसभर तीच भरपाई करत बसतो. बंद ठेवला तर पाणी गार होत जातं तशी बाहेर जाणारी उष्णता पण कमी कमी होत जाते, म्हणून परत तापवायचा खर्च टिकवून ठेवायच्या खर्चापेक्षा कमीच पडतो. नवा फाईव्ह स्टार असला तर फरक थोडा, जुना असला तर चांगलाच. त्या स्टारच्या स्टिकरवर स्टँडिंग लॉस म्हणून एक आकडा असतो, पाण्याचा आणि हवेचा फरक ४५ अंश धरून २४ तासांत न वापरता किती युनिट जातील त्याचा. गिझर घ्यायला गेलात की रंग बघायच्या आधी तो वाचा.

आता एक सोपा हिशोब सांगतो, हा लिहून ठेवा. किती लिटर पाणी, गुणिले किती अंश तापवायचं, भागिले ८६०. आलं ते युनिट. आपल्याकडं कडाक्याच्या थंडीत, म्हणजे इथल्या कृषी विद्यापीठात पारा दहाच्या खाली येतो ना त्या दिवसांत, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी १५ अंश धरा. १५ लिटरचा गिझर ६० अंशांवर न्यायचा तर ४५ अंश चढवायचे, १५ गुणिले ४५ भागिले ८६०, पाऊण युनिटाच्या थोडं वर. दोन हजार वॅटचा गिझर असला तर २३-२४ मिनिटं. बस. पहाटे पाचला बटण दाबून सातला आंघोळीला जायचं काहीच कारण नाही. आणि ज्याला जमतं त्यानं दुपारी आंघोळ केली तर टाकीतलं पाणी उन्हानं २५ अंशांवर आलेलं असतं, तिथंच दहा अंश फुकट मिळाले.

आता खरं मुद्द्याचं, ज्याच्यासाठी हा व्हिडिओ केला. घरातला शेवटचा माणूस नळ सोडतो. २० लिटरची बादली ४० अंशांना हवी तर त्यात गिझरचं ११ लिटर पाणी जातं, बाकी थंड. ते ११ लिटर वरनं निघालं की खालनं तेवढंच थंड पाणी टाकीत शिरतं, थर्मोस्टॅटला वाटतं पाणी गार झालं, लाल दिवा लागतो आणि गिझर ते सगळं परत ६० अंशांवर नेतो. कुणासाठी? आंघोळी तर झाल्या! सगळे आपापल्या कामाला गेले, आणि टाकीत पाणी तापवून ठेवलंय. अर्ध्या युनिटाच्या वर रोज, महिन्याला १७ च्या आसपास युनिट, आणि बिल शंभर युनिटांच्या आत बसवायची धडपड चाललेल्या घराला हे १७ युनिट वरच्या स्लॅबमध्ये ढकलू शकतात. म्हणून शेवटचा माणूस न्हाणीत शिरायच्या आधीच बटण बंद. पाणी तापलेलं आहेच, ते वरनं गरमच येतं. आंघोळ करताना गिझर बंद असणं जीवाला पण बरं. आमच्या आईनं ही सवय एका आठवड्यात लावून घेतली, तिला हिशोब सांगायची गरजच पडली नाही, नुसतं म्हणालो माय, तू गेल्यावर ते कुणासाठी तापायलंय.

आता गिझरची ही तापमान ठरवायची चकती बघा, कॅमेरा जवळ आणतो. बऱ्याच घरात ही शेवटपर्यंत फिरवलेली असते, ७५ वर. आणि मग हात भाजतो म्हणून थंड मिसळतो. ती ६० वर आणा. पण अगदी ४० वर पण ठेवू नका, कोमट पाणी टाकीत साठून राहिलं की त्यात जंतू वाढतात.

६० म्हणायचं दुसरं कारण हे आहे, हे माझ्या हातात. मागच्या डिसेंबरात आमच्या गिझरचा एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारा रॉड, गेला, तो काढला तेव्हा असा निघाला. चुन्यानं लिंपल्यासारखा, अंगठ्याएवढा जाड. टाकी रिकामी केली तर बादलीत ओंजळभर पापुद्रे, अंड्याच्या टरफलासारखे. हे आपलं बोअरचं पाणी. पाणी तापलं की त्यातला चुना बाहेर पडतो, आणि जास्त तापवलं की जास्त पडतो. पिण्याच्या पाण्यात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानतात, दुसरा स्रोत नसला तर ६०० पर्यंत चालवून घेतात, आणि आपल्याकडचे कितीतरी बोअर त्या २०० च्या पुढंच आहेत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो, कारण चुकीची माहिती लई पसरलीय. चुना बसला म्हणून बिल दुप्पट होत नाही. एलिमेंट पाण्याच्या आतच आहे, उष्णता शेवटी पाण्यातच जाणार. नुकसान वेगळं होतं, चुन्याच्या थराखाली एलिमेंट स्वतः भयंकर तापतो, त्याची नळी तडकते, आणि मग पाण्यात करंट उतरू शकतो. म्हणून वर्षातनं एकदा, दिवाळीच्या आसपास, गिझर उघडून साफ करून घ्या. एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा खटका, पाडायचा, पाण्याचा कॉक बंद, टाकी रिकामी, एलिमेंट काढून सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवायचा, चुना आपोआप सुटतो. संडास साफ करायचं ॲसिड ओतणारे मिस्त्री पण आहेत, त्यांना ओतू देऊ नका, ते धातू खातं. वॉरंटीत असला तर कंपनीच्याच माणसाकडून करून घ्या. आणि उघडलाच आहे तर मॅग्नेशियमची कांडी बघा, टाकीच्या ऐवजी ती झिजावी म्हणूनच ती आत टाकलेली असते. आमच्या कांडीची नुसती तार उरली होती.

व्होल्टेजचं विचारायलेत बरेच जण. १८० व्होल्ट आले तर दोन हजारचा गिझर साधारण १२०० वॅटच खेचतो, वेळ जास्त लागतो, युनिट जवळपास तेवढेच. त्यासाठी स्टॅबिलायझर घेऊ नका.

आणि जिथं नळाला आठ आठ दिवस पाणी नसतं तिथं एक करा, आधी गरम पाण्याचा नळ सोडून धार येते का बघा, मगच बटण. गच्चीवरची टाकी संपलेली असताना गिझर लावला तर एलिमेंट कोरडा जळू शकतो.

हिवाळ्याआधी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता, कोरड्या जमिनीत अर्थिंग नावालाच उरते. मेन बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईट तोडणारा खटका, असेल तर त्यावर टी लिहिलेलं बटण असतं, ते दाबून खटका पडतो का बघा. नाही पडला तर आधी तो बदला, गिझरचं नंतर बघू.