केस कुठे संपतात?

नमस्कार श्रोतेहो.

लग्नसराई जवळ आली की पार्लरमध्ये येणाऱ्या मुलींच्या हातात मोबाइल असतो आणि मोबाइलवर कुणातरी नटीचा फोटो. “ताई, अगदी अस्साच कट करून द्या.” फोटो सुंदर असतो, त्यात वाद नाही. पण त्या नटीचं कपाळ मुळात केवढं आहे, केस दाट आहेत की मागून भर घातलीय, किती पिना खोचल्यात, यातलं काहीच फोटोत दिसत नाही. म्हणून कात्री हातात घ्यायच्या आधी मी विचारते, “या फोटोत तुला नेमकं काय आवडलं?” मग जरा विचार करून उत्तर येतं. “तिचे गाल बारीक दिसतायत.” किंवा, “कपाळ झाकलंय ते छान वाटतंय.” हे एकदा कळलं की काम पुष्कळ सोपं होतं, कारण गाल बारीक दिसायला तोच कट लागतो असं मुळीच नाही.

तर आज बोलायचंय ते चेहऱ्याची ठेवण आणि केसांची ठेवण यांच्या नात्याबद्दल. आधी आपला चेहरा ओळखू या. केस मागे घट्ट बांधून आरशासमोर उभ्या राहा आणि हातात साधी मोजपट्टी घ्या. शिलाईची टेप गालांवरून गुंडाळू नका. गाल फुगीर असले की माप उगाच वाढतं. पट्टी चेहऱ्यासमोर आडवी धरून तीन रुंद्या बघायच्या: कपाळाची, गालांच्या हाडांची, आणि कानाखाली जबडा जिथे वळतो त्या दोन कोपऱ्यांमधली. मग पट्टी उभी धरायची आणि केस उगवतात त्या रेषेपासून हनुवटीपर्यंतची लांबी बघायची.

लांबी आणि रुंदी जवळजवळ सारखी, जबड्याला कोपरे नाहीत, तर चेहरा गोल. तशीच मापं पण जबडा ठसठशीत, तर चौकोनी. रुंदीच्या साधारण दीडपट लांबी असेल तर अंडाकृती, त्याहून जास्त असेल तर लांबट. आणि विड्याचं पान देठ वर धरून पाहावं तसा चेहरा असेल, वर रुंद आणि खाली निमुळता, तर तो हृदयाकृती. खरं सांगायचं तर बहुतेक जणी यातल्या कुठल्याच नावात चपखल बसत नाहीत. कपाळ एकीचं, जबडा दुसरीचा, असंच असतं. त्यामुळे नावापाशी अडून बसू नका. सगळ्यात रुंद भाग कुठला आणि लांबी जास्त की कमी, एवढं कळलं की पुरे.

आता मुख्य मुद्दा. केस जिथे संपतात तिथे बघणाऱ्याची नजर थांबते, आणि केस जिथे फुगतात तिथे चेहरा रुंद वाटतो. माझ्या मते या विषयातलं निम्म्याहून अधिक शहाणपण एवढ्यातच आहे.

गोल चेहऱ्याची एखादी कॉलेजकन्यका येते आणि हनुवटीपर्यंतचा बॉबकट मागते. टोकं आत वळवलेली, बाजूंना भरगच्च. आता तिच्या चेहऱ्यावर काय घडतं ते बघा. केस संपतात बरोबर गालांच्या खाली, म्हणजे नजर तिथेच अडकते. वर त्यांची टोकं आत वळून गालांना कवेत घेतात, गोल रेघेला आणखी एक गोल रेघ मिळते. तोच कट दोन बोटं खाली, हनुवटी ओलांडून मानेवर आणला, पुढची टोकं मागच्यांपेक्षा जराशी लांब ठेवली आणि भांग मधोमध न ठेवता एका बाजूला डोळ्याच्या रेषेत नेला, की तोच चेहरा उभट दिसू लागतो. टाळूवर थोडा उठाव ठेवायचा, कानापाशी केस चपटे. गोल चेहऱ्याला मधला भांग वर्ज्य, असं पुष्कळदा सांगतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. मधला भांग काढून केस चापूनचोपून मागे बांधले तर गोलाई उघडी पडते, हे बरोबर. पण मधल्या भांगाचे केस मोकळे सोडून दोन्ही गालांवरून पडद्यासारखे खाली येऊ दिले, तर गालांच्या कडा झाकल्या जातात आणि मधला उभा पट्टाच तेवढा दिसतो. त्याच भांगाचा परिणाम उलटा होतो.

लांबट चेहऱ्याचं गणित नेमकं याच्या विरुद्ध. कमरेपर्यंत सरळ, चपटे केस आणि मधला भांग म्हणजे लांबीत लांबी. अशा चेहऱ्याला कानाजवळ भर हवी, लाटा हव्यात, आणि शक्य असेल तर पुढे कपाळावर काही बटा. हनुवटीपाशी संपणारा बॉबकट गोल चेहऱ्याला नडतो, तोच इथे शोभतो. फक्त टाळूवर पफ काढू नका. पफमुळे उंची वाढते आणि लांबट चेहऱ्याला ती नकोच असते.

चौकोनी चेहऱ्याला जबड्याच्या वर किंवा चांगले खाली संपणारे केस चालतात, नेमके जबड्यावर तुटणारे नकोत. तिरका भांग आणि सैल लाटा यांनी कोपरे मवाळ होतात. पण मला स्वतःला ठसठशीत जबडा उठून दिसलेला आवडतो. एखादीला तो झाकायचा नसेल तर तिने सगळे केस मागे घेऊन खुशाल घट्ट अंबाडा घालावा; फार रुबाबदार दिसतो. हृदयाकृती चेहऱ्याला वर कमी आणि हनुवटीच्या आसपास भर हवी.

रुंद कपाळाचा विषय निघाला की एक नाव घ्यायलाच हवं. अभिनेत्री साधना. १९६० साली तिच्या पहिल्या मोठ्या हिंदी सिनेमाच्या वेळी, कपाळ रुंद दिसतं म्हणून पुढचे केस कापून कपाळावर सोडले गेले. कल्पना हॉलिवूडची नटी ऑड्री हेपबर्न हिच्या केशरचनेवरून सुचली होती. सोय म्हणून केलेली ती गोष्ट इतकी गाजली की आजही आपल्याकडे कितीतरी जणी फ्रिंज न म्हणता ‘साधना कट’ म्हणतात. ज्यांच्या आई-आजीचे तेव्हाचे फोटो घरात असतील त्यांनी जरूर काढून बघा.

पण साधना कट करण्याआधी आपला भोवरा कुठे आहे ते तपासा. दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात, हे लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्याचं जे व्हायचं ते होवो, पण भोवरा कपाळाजवळ, केसांच्या पुढच्या रेषेत असेल तर तिथले केस कधीच सरळ खाली बसत नाहीत. कितीही ब्लोड्राय करा, तासाभरात ती बट उभी राहते. अशा वेळी भोवरा ज्या दिशेला वळतो त्या दिशेला लांबसर, तिरक्या बटा ठेवणं बरं. आणि एकदा कापलेली फ्रिंज आवडली नाही तर धीर धरावा लागतो. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. भुवयांवरचे केस हनुवटीपर्यंत यायला जवळपास वर्ष जातं.

केसांचा पोत हाही चेहऱ्याइतकाच महत्त्वाचा. कुरळे केस ओले असताना लांब दिसतात आणि वाळले की आखडतात. ओल्या केसांवर भुवईपर्यंत कापलेली फ्रिंज वाळल्यावर अर्ध्या कपाळावर जाऊन बसते. म्हणून कुरळ्या केसांच्या मैत्रिणींनो, कापणारीला आधीच सांगा, “वाळल्यावर किती दिसायला हवेत ते बघून कापा.” त्यात मुंबईची, कोकणाची, गोव्याची हवा दमट. पावसाळ्यात केस ओलावा शोषून फुगतात. कानापाशी चपटे केस ठेवण्यावर ज्या कटचं सगळं सौंदर्य अवलंबून आहे, तो जुलै महिन्यात दादरला टिकत नाही. रोज सकाळी इस्त्रीसारखं यंत्र फिरवून तो टिकवता येतो, पण केसांना रोज तेवढी उष्णता देणं मला पटत नाही. लंडनचे केशरचनाकार विडाल ससून यांनी १९६०च्या दशकात आग्रह धरला तो याच गोष्टीचा: डोक्याच्या आणि चेहऱ्याच्या हाडांची ठेवण बघून असं कापायचं, की केस धुतले, झटकले, की आपोआप जागेवर बसतील. आपल्या हवेत हा विचार आणखीच मोलाचा आहे.

ज्या श्रोत्या पन्नाशीच्या पुढे आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. वर्षानुवर्षं एकाच जागी भांग काढला की ती रेघ रुंद दिसू लागते, तिथली त्वचा चमकते. कात्री न लावता आजच करता येईल असं काही हवं असेल तर भांग अर्धा इंच सरकवा. दुसऱ्या बाजूला वळवलेले केस मुळाशी उभे राहतात आणि डोक्यावर भर दिसते. पहिले काही दिवस ते ऐकत नाहीत, जुन्याच जागी जातात. अंघोळीनंतर ओले असतानाच भांग पाडून वर एक चाप लावून ठेवायचा.

पुरुष श्रोत्यांनाही हेच नियम. गोल चेहरा असेल तर बाजूंना मशीन मारून वर केस ठेवले की उंची मिळते. लांबट चेहऱ्याने मात्र बाजू फार बारीक करू नयेत. सलूनमध्ये नुसतं “बारीक करा” म्हणण्यापेक्षा नंबर सांगा. दोन नंबर म्हणजे केस सुमारे ६ मिलिमीटर उरतात, चार नंबर म्हणजे सुमारे १३. आणि दाढी असेल तर तीही चेहऱ्याच्या मापात धरा; हनुवटीवर जराशी लांब ठेवलेली दाढी गोल चेहऱ्याला आयती लांबी देते.

आता लग्नाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. आपल्या नवरीच्या चेहऱ्यावर केसांखेरीज आणखी किती रेघा असतात बघा. मुंडावळ्या कपाळावर आडव्या बांधतात आणि दोन्ही बाजूंनी गालांवरून खाली सोडतात. ती आडवी रेघ कपाळ लहान दाखवते, तर लोंबणाऱ्या सरी गालांच्या कडा झाकतात. म्हणजे मुंडावळ्या स्वतःच फ्रिंजचं आणि बटांचं काम करतात! त्यावर पार्लरवाल्यांनी पुन्हा कपाळावर बटा आणि गालांवर कर्ल सोडले की मोती केसांत अडकतात आणि चेहरा दिसेनासा होतो. शिवाय चंद्रकोर, शिवाय नथ. नथ नजरेला चेहऱ्याच्या मधोमध ओढून घेते, तेव्हा केसांनी गप्प राहावं, असं माझं ठाम मत आहे.

मग बदल करायचा तो अंबाड्याच्या जागेत. गोल चेहऱ्याच्या नवरीचा अंबाडा थोडा वर बांधावा आणि गजरा त्याच्या वरच्या कडेने फिरवावा, म्हणजे समोरून डोक्यामागे मोगऱ्याची पांढरी कड दिसते आणि उंची मिळते. लांबट चेहऱ्याच्या नवरीला मानेवरचा खोपा, आणि गजऱ्याची टोकं कानांच्या मागून दोन्ही बाजूंनी डोकावतील अशी. आबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, असेल तर तो खोप्याच्या कडेला फार देखणा दिसतो. मान आखूड असेल तर मात्र खोपा अगदी खाली नको, तो शालूच्या काठावर टेकतो. नवरदेवाच्या फेट्यालाही हेच लागू. फेटा उंची वाढवतो, म्हणून लांबट चेहऱ्याच्या मुलाने तो कपाळावर जरा खाली घ्यावा. गोल चेहऱ्याच्या मुलाने मागे, कपाळ मोकळं ठेवून.

आणि अंबाडा कितीही टिकायला हवा असला तरी कानशिलावरचे केस ओढून ओढून बांधू देऊ नका. दिवसभराचं डोकं दुखणं वेगळंच, पण रोज असं घट्ट बांधायची सवय असेल तर मुळांवर ताण येऊन कपाळाच्या कडेचे केस विरळ होत जातात. त्वचारोगतज्ज्ञांकडे अशा तक्रारी घेऊन पुष्कळ जणी जातात.

लग्नाआधी पार्लरमध्ये ट्रायल ठरवाल तेव्हा मुंडावळ्या, नथ आणि त्या दिवसाचं ब्लाउज बरोबर न्या. हे सगळं अंगावर असताना केस बांधून घ्या. समोरून एक, डावीकडून एक, उजवीकडून एक आणि मान खाली घालून एक असे फोटो काढा, कारण हार घालताना आणि नमस्कार करताना नवरी खालीच बघत असते. मग तासभर तशाच घरात वावरा. काही टोचत असेल, कुठे सुटत असेल, तर ते त्याच दिवशी पार्लरला फोन करून सांगा.