गाठ निघाली, मग आता का गरगरतंय?

तोल सावरायचे व्यायाम शिकवणं हे माझं काम. कानाच्या नसेवरच्या गाठीच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी पेशंट हमखास विचारतात, "मॅडम, गाठ तर निघाली, मग आता जास्तच का गरगरतंय?" प्रश्न रास्त आहे. ही गाठ म्हणजे व्हेस्टिब्युलर श्वानोमा, आणि ती कॅन्सरची नव्हे. कानातून तोलाचे संदेश मेंदूकडे नेणाऱ्या नसेच्या आवरणात ती हळूहळू वाढते, आणि ती काढताना बहुधा ती नसही कापावी लागते. आपण स्वस्थ बसलो तरी दोन्ही कान मेंदूला सारख्याच जोराचे संदेश सतत धाडत असतात. एक बाजू एकदम गप्प झाली की मेंदूला वाटतं, डोकं चांगल्या कानाकडे फिरतंय. म्हणून खोली फिरते, उलट्या होतात. गंमत अशी, की गाठीनं ती नस आधीच निकामी केली असेल तर हा त्रास बराच कमी होतो. मेंदूनं तोवर सवय करून घेतलेली असते.

हे जोरदार गरगरणं काही दिवसांत ओसरतं. उरतो तो अंधारात, खडबडीत वाटेवर, मान झटकन वळवल्यावर जाणारा तोल. कापलेली नस काही परत जोडली जात नाही. मेंदूलाच नवा हिशेब मांडावा लागतो, आणि आपला अंदाज चुकतोय हे कळल्याशिवाय तो मांडत नाही. पडून राहिलात तर त्याला कळणार कसं? लंडनमध्ये 1940 च्या दशकात कॉथॉर्न आणि कुक्सी या डॉक्टरांनी नेमकं हेच ओळखून डोळ्यांचे, मानेचे, चालण्याचे व्यायाम बसवले. चक्करेच्या गोळ्यांचंही तसंच. पहिले काही दिवस ठीक. पुढे महिनोन्‌महिने घेत राहिलात तर सुधारणाच रेंगाळते. बंद मात्र डॉक्टरांना विचारूनच करा.

माझ्याकडचा पहिला व्यायाम अगदी साधा. हातभर अंतरावर कार्ड धरायचं, त्यावरच्या एका अक्षरावर नजर रोखायची आणि मान डावी-उजवीकडे हलवायची. अक्षर धूसर व्हायच्या बेतात येईल इतका वेग हवा, त्याहून जास्त नको. आधी बसून, मग उभ्यानं, मग चालता चालता. थोडं गरगरलंच पाहिजे! पण ते पंधरा-वीस मिनिटांत शमायला हवं. तासन्‌तास टिकलं तर उद्या कमी करा.

आता थकव्याबद्दल, कारण घरच्यांना तो दिसत नाही. पूर्वी आपसूक होणारं चालणं आता लक्ष देऊन करावं लागतं. त्यातून गाठीच्या बाजूचं ऐकणं बऱ्याचदा गेलेलं असतं, म्हणून एकाच कानानं ऐकायचं. गर्दीत कोण काय बोललं हे ताडण्यातच अर्धा जीव जातो. तासभर पाहुण्यांत बसलं तरी माणूस गळून जातो. तो आळस नव्हे. दमल्यावर आडवं होण्यापेक्षा दमायच्या आधी थोडं थांबा, दिवसातून चार वेळा.

पुढे कधी ताप आला, झोप झाली नाही, की जुनी चक्कर डोकं वर काढते. तेवढ्यानं 'गाठ परत आली' असं धरून बसू नका. चार दिवस व्यायाम हलके करा. नाकातून पाण्यासारखं पातळ काही गळत असेल, किंवा तापाबरोबर मान ताठ होत असेल, तर मात्र माझ्याकडे नाही, तडक सर्जनकडे जा.

गाडी कधी चालवायची, हे विचारणारे बरेच असतात. सर्जनची परवानगी हवीच. शिवाय मान झर्रकन मागे वळवून पुन्हा समोर आणल्यावर रस्ता तत्काळ स्थिर दिसत नसेल, तर अजून शेजारच्या सीटवरच बसा.